झिजत्या कातळाची प्रदक्षिणा

देव दगडात आहे असे मानायचे आणि तो दगड झिजतो हेही डोळ्यांनी पाहायचे, या दोन गोष्टी एकाच मनात कशा नांदतात? प्रश्न पोथीतला वाटतो. पण रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला तो थेट पायाखाली येतो. इथली मोठी प्रदक्षिणा देवळापुरती नाही, ती डोंगराला आहे. देवळामागून पायऱ्यांनी वर चढायचे, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून समुद्राकडे उतरायचे आणि मग लाटांनी तासलेल्या कातळावरून चालत पुन्हा देवळाशी यायचे. उजव्या हाताला डोंगर, म्हणजे देव. डाव्या हाताला अरबी समुद्र. भाविक ज्या डोंगराला उजवी घालतो त्याच डोंगराला समुद्र दुसऱ्या बाजूने खात असतो. आणि चालायला वाट मिळते ती त्या खाण्यामुळेच. कडा जागचा हललाच नसता, तर तिथे उभ्या भिंतीखाली सरळ खोल पाणी असते आणि प्रदक्षिणा घळीच्या तोंडाशीच संपली असती.

पूजेची वाटच पूज्य वस्तूच्या झिजेतून तयार व्हावी, ही गोष्ट साधी नाही. तिचा नीट विचार करायचा तर आधी तो कातळ झिजतो कसा, हे पाहायला हवे.

हा दगड दख्खनच्या लाव्हाचा, काळा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हाचे लोट थरावर थर चढत गेले. आज जे शिल्लक आहे ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. मुळात ते याहून कितीतरी अधिक होते. लाव्हा थिजला तेव्हा इथे आजचा समुद्र नव्हता. सेशेल्सची बेटे ज्या भूखंडावर आहेत तो तुकडा भारतापासून तुटून दूर सरकला, मधे पाणी शिरले आणि मग कुठे या खडकाची लाटांशी गाठ पडली. तीही सतत एकाच जागी नव्हती. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि कोकणचा किनारा पश्चिमेला दूरवर होता. बर्फ वितळत गेला, पाणी चढत आले आणि गेल्या सहा-सात हजार वर्षांत ते साधारण आजच्या रेषेवर येऊन थांबले. देवळाच्या इतिहासापुढे हा काळ अफाट आहे. खडकाच्या वयापुढे तो जमेस धरण्याइतकाही नाही.

घळ उतरून खाली आल्यावर उजवीकडची भिंत जवळून पाहावी. तिच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आहे. बोट जाईल एवढे खळगे, मूठ मावेल एवढे खळगे, एकमेकांना खेटून शेकडो; आणि त्यांच्या मधे पातळ, धारदार पडद्या. काही ठिकाणी दोन खळग्यांमधली पडदी मोडून त्यांचा एक मोठा कोनाडा झालेला आहे. आतून हात फिरवला तर बोटांना तपकिरी, खरखरीत पूड लागते. जिभेला लावली तर ती खारट लागते.

ती खारट चव हेच या जाळीचे कारण. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटते, तुषार उडतात आणि कातळाच्या बारीक छिद्रांत शिरतात. ओहोटीला ऊन लागते, पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि छिद्राच्या आत त्याचे स्फटिक वाढू लागतात. वाढणारा स्फटिक जागा मागतो आणि दगडाचे कण एकेक करून सुटे करतो. लाटेचा दणका सगळ्यांना दिसतो, ऐकू येतो. हे काम मात्र पाणी ओसरल्यावर, उन्हात, आवाज न करता चालते. कुठेतरी एक कण निसटला की तिथे खाच पडते, खाचेत सावली आणि ओल जास्त वेळ टिकते, तिथे अधिक मीठ साठते आणि खाच आणखी खोल जाते. एकदा सुरू झालेला खळगा स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. दगड मुळात कमी-जास्त कठीण असल्यामुळेच अशी जाळी पडते, असे पूर्वी सहज मानले जाई. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी सगळीकडे सारख्या घट्ट असलेल्या चुनखडीच्या ठोकळ्यांवर फक्त मीठ आणि वारा यांचा मारा करून अशीच जाळी पाडून दाखवली. याचा अर्थ, अगदी निर्दोष दगडातही झीज आपला आकार शोधते.

लाटा आपले काम वेगळ्या रीतीने करतात. लाव्हा थंड होताना आक्रसला आणि त्याला भेगा पडल्या. लाट त्या भेगांवर आदळते तेव्हा आतली हवा कोंडून दाबली जाते. लाट मागे सरली की ती हवा झटक्याने फैलावते. असे दिवसरात्र चालले की भेग रुंदावते आणि तुकडा निखळतो. निखळलेले गोटे पुढच्या लाटेची हत्यारे होतात. कातळातल्या खोलगट जागी सापडलेले गोटे पाण्याबरोबर गरगर फिरत रांजणखळगे कोरतात. भरतीच्या रेषेजवळ कड्याच्या पायथ्याला आडवी खोबण पडते, वरचा भाग निराधार होतो आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळतो. कडा थोडा मागे सरतो आणि त्याच्या पायाशी सपाट कातळाची पट्टी उरते. हीच प्रदक्षिणेची वाट. या पट्टीची एक गंमत अशी, की ती जितकी रुंद होते तितकी लाटेची ताकद तिच्यावरून धावण्यात खर्च होते आणि कड्यापर्यंत ती दमलेली पोहोचते. समुद्राने जे खाल्ले तेच पुढे डोंगराला आडोसा होते.

याच पट्टीवर कालवे धरतात. ओहोटीला गावातल्या बायका टोकदार लोखंडी हत्याराने ती फोडून आतला गर काढतात. शेवाळ खरवडून खाणाऱ्या गोगलगायी दगडाचीही थोडी पूड करतात. रसायनेही आपला वाटा उचलतात: बेसाल्टमधली खनिजे पाणी-हवेने सडून चिकणमाती होतात आणि त्यातले लोह गंजून काळा दगड तांबूस तपकिरी दिसू लागतो. मीठ, लाट, ऊन, गंज, शेवाळ, शिंपले. इतके हात एका डोंगराला लागलेले आहेत.

मग त्या डोंगरातल्या देवाचे काय?

भाविकाचे पहिले उत्तर ठरलेले असते: झिजते ते देह, देव झिजत नाही. उत्तर खोटे नाही, पण ते फार लवकर येते. देव दगडाहून अगदी वेगळाच असेल, तर मग या दगडाला उजवी घालायला मुंबई-पुण्याहून येण्याचे कारण काय? घरी बसून आकाशाला नमस्कार केला तरी चालले असते. माणसे येतात, कारण त्यांना हीच जागा, हाच कातळ हवा असतो. या वाटेवर गायत्रीतीर्थ दाखवतात, विष्णुपद दाखवतात. लाटांनी पाडलेल्या खोलगटांना श्रद्धेने नावे दिली आहेत आणि नावाची जागा बोट ठेवून दाखवता येते. तेव्हा प्रश्न टाळता येत नाही. नाव दिलेली ती जागा कणाकणाने समुद्रात जाते आहे.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाशी किती नेटाने झुंज घेतली, हे अशा ठिकाणी उभे राहिल्यावर नीट कळते. कणादांच्या परंपरेतले वैशेषिक म्हणतात, पृथ्वीचे परमाणू नित्य, पण त्यांचे बनलेले पदार्थ अनित्य. आणि पुढचे पाऊल तर फारच धीट आहे. अवयवांहून अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, वेगळी आहे. एकही अवयव गळला तर जुनी वस्तू नष्ट होते आणि उरलेल्या अवयवांतून नवी वस्तू जन्माला येते. हे खरे मानले तर हरिहरेश्वरचा डोंगर रोज कितीतरी वेळा मरतो आणि कितीतरी वेळा जन्मतो. सांख्यांना हे पटणार नाही. त्यांच्या लेखी नवे काही उपजत नाही आणि जुने काही संपत नाही. वाळू कातळात होतीच, आता ती प्रकट झाली इतकेच. बौद्ध तत्त्वचिंतकांनी टिकणारी वस्तूच नाकारली. त्यांच्या मते आहे तो क्षणांचा प्रवाह, आणि त्याला 'डोंगर' म्हणणे ही आपली सोय. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत् वस्तूची लक्षणे म्हणून उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकत्र सांगितली आहेत: उपजणे, जाणे आणि टिकणे एकाच वस्तूत, एकाच वेळी.

समुद्रकिनाऱ्यापुरते बोलायचे तर जैनांचे हे उत्तर सर्वांत जवळचे वाटते. इथे कडा मागे सरतो, त्याच वेळी पट्टी रुंदावते. खडक पूड होतो, त्याच वेळी शेजारच्या कोनाड्यात पुळण साठते. कोकणच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी 'करळ' नावाचा दगड मिळतो. शंख-शिंपल्यांचा चुरा आणि वाळू चुन्याने सांधली जाऊन तो किनाऱ्यावरच तयार होतो. म्हणजे जो समुद्र दगड फोडतो तोच थोड्या अंतरावर दगड घडवतोही. अशा जागी मोडणे आणि घडणे यांची खाती वेगळी मांडता येत नाहीत.

इथे एक सावधगिरी हवी. आपल्या ऋषींना हे सगळे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. कणादांनी मिठाचे स्फटिक तपासले नव्हते आणि उमास्वातींना बेसाल्टशी कर्तव्य नव्हते. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण मिळवले, या कथेत हिमयुगाची आठवण शोधणेही तितकेच उथळ. त्या लोकांनी भूशास्त्र सांगितले नाही. बदलणाऱ्या वस्तूवर माणसाने भार कसा टाकावा, हा प्रश्न मात्र त्यांनी आपल्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे विचारला. त्यांचे ऋण मोठे आहे, आणि ते मोजायला खोट्या दाव्यांची गरज नाही.

हरिहरेश्वरचे आणखी एक भाग्य म्हणजे तिथे सावित्री नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर रत्नागिरी जिल्ह्यातला बाणकोटचा किल्ला आहे. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, पंचगंगेच्या देवळात जिला कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री यांच्या पंक्तीत बसवले आहे तीच ही. क्षेत्र महाबळेश्वरचे स्वयंभू लिंग गुळगुळीत नाही. रुद्राक्षासारखे खडबडीत, खाचाखळग्यांचे ते आहे, आणि त्याची पूजा त्या खाचांसकट होते. उगमाशी खडबडीत दगड पुजायचा आणि मुखाशी जाळी पडलेला कडा. मधल्या साऱ्या प्रवासात त्याच लाव्हाची माती नदी वाहून नेत असते.

आणि या मधल्या प्रवासात विचारांचीही मोठी वस्ती आहे. सावित्रीच्या खोऱ्यात, महाड तालुक्यात, शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथेच सांगितला अशी परंपरा आहे. धबधब्यामागची ही नैसर्गिक घळ झिजेतूनच झालेली. दासबोधात पंचप्रळयांचे निरूपण आहे: पिंडाचे दोन, ब्रह्मांडाचे दोन आणि पाचवा विवेकाचा. पहिल्या चारांत जग जाते. पाचव्यात माणूस बसल्या जागी, समजुतीच्या बळावर दृश्याचा निरास करतो. समर्थांचा हा हिशेब कठोर आहे. जे जाणारच आहे त्याचे जाणे आजच मनाने पाहून घ्या, असा त्याचा रोख. पावसाळ्यात त्या घळीच्या तोंडावरून पाणी कोसळत असताना हा विचार नुसता पुस्तकी राहत नाही.

खाली महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत, साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. गांधारी नदी जिथे सावित्रीला भेटते त्या परिसराकडे तोंड करून बौद्ध भिक्षूंनी ती याच बेसाल्टमध्ये खोदवून घेतली. तिथल्या एका शिलालेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराच्या दानाची नोंद आहे. सगळे संस्कार, म्हणजे घडलेल्या सगळ्या वस्तू, अनित्य आहेत असे शिकवणाऱ्यांनी राहायला सर्वांत टिकाऊ दगड निवडला, यात काहींना विसंगती दिसते. विसंगती नाही. अनित्यतेचा उपदेश पुढच्या पिढ्यांच्या कानी पडायचा तर त्यासाठी कोरड्या, टिकाऊ जागा लागतात. टिकाऊ म्हणजे कायमची, असा दावा त्यांनी केला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या सिद्धान्ताचा जो अर्थ लावला तो इथे लक्षात घ्यावा असा आहे. बौद्धांची शून्यता म्हणजे काहीच नसणे असे त्यांनी मानले नाही. वस्तू अनित्य आहेत म्हणूनच दुसरे काही होऊ शकते, वाढ शक्य होते, असा त्यांचा मुद्दा. ज्या महाडमध्ये १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तिथे या विचाराला विशेष वजन येते. समाजाची रचना कातळासारखी अढळ आहे असे सांगणाऱ्यांना ते उत्तर होते. आणि कातळ तरी कुठे अढळ आहे?

युरोपातही खडकाळ किनाऱ्यांनी धर्मचिंतकांची झोप उडवली होती. इंग्लंडमधले धर्मोपदेशक थॉमस बर्नेट यांनी १६८१ साली पृथ्वीविषयी लॅटिनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. देवाने घडवलेली मूळ पृथ्वी अगदी गुळगुळीत होती, तिच्यावर ना डोंगर ना समुद्र; नोहाच्या काळच्या महापुरात तिचे कवच फुटले आणि आज दिसतात ते डोंगर नि फाटके-तुटके किनारे म्हणजे त्याचे भग्नावशेष, असे त्यांचे म्हणणे. पापाचे फळ म्हणून जग ओबडधोबड झाले! शंभर वर्षांनंतर, १७८८ साली, जेम्स हटन आपल्या दोन मित्रांना होडीत घेऊन स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सिकार पॉइंटला गेले. जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल हे ते मित्र. तिथे लाटांनी धुऊन उघड्या पडलेल्या कड्यात खालचे थर जवळजवळ उभे आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यांवर वरचे थर आडवे टेकलेले दिसले. एक भूमी घडली, उचलली गेली, झिजली आणि तिच्यावर दुसरी घडली, इतका काळ त्या एका कड्यात साठला होता. प्लेफेअरनी नंतर लिहिले, की काळाच्या त्या खाईत डोकावताना डोके गरगरू लागले.

हटन ईश्वर मानणारे होते. त्यांनी बरीच वर्षे शेती केली होती, पावसाने वाहून जाणारी माती पाहिली होती. खडक झिजला नाही तर माती नाही आणि माती नाही तर पीक नाही, म्हणून झीज ही पृथ्वीच्या व्यवस्थेतली चूक नसून तिची गरज आहे, असे त्यांनी मांडले. बर्नेटना जिथे शिक्षा दिसली तिथे हटनना पोषण दिसले. शेतात राबलेल्या माणसाची दृष्टी पोथीपेक्षा खोल गेली, याचे मोल फार आहे. कोकणातल्या शेतकऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता पुन्हा आपल्याकडे. आपल्या आगमांत आणि पुराणांत जीर्णोद्धाराचे स्वतंत्र विधी आहेत. मूर्ती भंगली, झिजली तर तिच्यातली कला, म्हणजे दैवी शक्ती, कलशात ओढून घ्यायची, मूर्तीचे विसर्जन करायचे, नवी घडवायची. माणसाने घडवलेल्या मूर्तीला हे चालते. स्वयंभू लिंगाला हा नियम लागत नाही. ते झिजले तरी हलवायचे नाही, बदलायचे नाही. शास्त्रकारांना दगड झिजतो हे पक्के माहीत होते, आणि त्यांनी ठरवून त्याला तसेच झिजू दिले. या एका नियमात देव आणि दगड यांच्या नात्याविषयी जे शहाणपण आहे ते मोठ्या वादांतही क्वचित सापडते.

माणसाच्या हाताने होणारी झीज मात्र वेगळी. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१७ साली तज्ज्ञांच्या समितीच्या शिफारशींनंतर जलाभिषेकासाठी प्रत्येक भाविकाला अर्धा लिटर आरओचे पाणी, अशी मर्यादा आली. २०२० च्या निकालात लिंग घासण्या-चोळण्यावर निर्बंध आले. पंढरपूरच्या विठ्ठलाचे चरण भक्तांच्या स्पर्शाने झिजले म्हणून २०२० साली, टाळेबंदीत देऊळ बंद असताना, मूर्तीला लेप दिला गेला. तिथे हे योग्यच होते. जी झीज आपल्या हातांनी होते ती कमी करणे आपल्या हातात आहे, आणि म्हणून ते कर्तव्य आहे.

समुद्राने केलेली झीज थांबवायला निघणे हा वेगळा प्रकार आहे. आज कोकणात गावोगावी धूपप्रतिबंधक बंधारे मागितले जातात, बांधले जातात. घरे, रस्ता, बंदर धोक्यात असेल तिथे बंधारा हवाच. डोक्यावरचे छप्पर जात असलेल्या माणसाला अनित्यतेचे प्रवचन देणे क्रूरपणाचे ठरेल. पण जिथे नुसता कातळ आहे, तिथे देवस्थान 'वाचवण्यासाठी' काँक्रीट ओतण्याची कल्पना भक्तीच्या नावाखाली खपू नये. भिंतीवर आदळलेली लाट आपली ताकद तिथे सोडून देत नाही. ती परतते, भिंतीच्या पायाशी खड्डा पाडते, वाळू उचलते आणि शेजारच्या पुळणीचे नुकसान करते. कड्याच्या झिजेतून शेजारच्या पुळणींना वाळू मिळते. ती झीज अडवली तर किनारा दुसरीकडे उपाशी राहतो. बालीमधल्या तानाह लोत या समुद्रातल्या देवळाचा खडक ढासळू लागला तेव्हा जपानच्या कर्जातून कृत्रिम खडक बसवून तो सावरण्यात आला. तिथले देऊळच खडकाच्या माथ्यावर होते, दुसरा उपाय नव्हता. हरिहरेश्वरला देऊळ डोंगराच्या आडोशाला आहे आणि झिजणारी बाजू आहे प्रदक्षिणेची. तिथे सिमेंटला काहीही काम नाही.

हरिहरेश्वरला दर्शनाचा एक क्रम आहे. आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा कालभैरव. ज्याच्या हाती संहार, त्याची परवानगी घेऊन पालनकर्त्याकडे जायचे आणि परतताना त्यालाच सांगून निघायचे. ही रीत पाळणाऱ्या समाजाला कड्याची झीज म्हणजे देवावर आलेले संकट वाटण्याचे कारण नाही. देवाची झीज होते आहे म्हणून घाबरण्यापेक्षा, झिजेसकट देव मानण्याची तयारी या क्षेत्राने कधीच करून ठेवलेली आहे. आपण फक्त तिला जागले पाहिजे. जाळीच्या पडद्या मोडून नेणे, कड्यावर रंगाने नावे लिहिणे, खळग्यांत प्लास्टिक कोंबणे, ही मात्र आपल्या हातची झीज आहे आणि तिला महाकालाच्या लिंगाचाच न्याय लागला पाहिजे.

प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, भरतीत ही वाट पाण्याखाली जाते आणि इथल्या लाटा जीवघेण्या आहेत. वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीला पाऊणने गुणावे, येईल तो आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास येते, म्हणजे दिवसाची ओहोटी थेट संध्याकाळी मिळते आणि परतताना अंधार गाठतो. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणून ओहोटी भर दुपारी बाराच्या आसपास; कालभैरवाची तिथीही अष्टमीच. पण अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही, त्यामुळे काही जागा ओल्या आणि निसरड्याच राहतात. म्हणून हिशेब केला तरी गावात विचारून मगच घळ उतरावी, पाणी फिरायच्या आत देवळाशी परतावे, आणि जून ते सप्टेंबर या वाटेला जाऊ नये.